दुसरी सही

वहिनीने करंगळीने दुर्बिणीची नळी हलकेच ढकलली. आयपीसमधले तारे सगळे एकदम डावीकडे सरकले. त्यांच्या मधोमध दिसणारा तो पुसट, धुरकट ठिपका मात्र उजवीकडे गेला.

तिने बोट काढून घेतलं. तारे जागेवर आले, ठिपकाही जागेवर आला. तिने पुन्हा एकदा नळी ढकलली आणि पुन्हा तेच झालं.

"दिसला?" मागून भावजींनी विचारलं.

डोळा तिने तसाच आयपीसला लावून ठेवला. बघण्यासारखं आता आत काही उरलं नव्हतं. पण मान वळवली असती तर भावजींना तिचं तोंड दिसलं असतं, आणि पहाटेच्या त्या अंधारातसुद्धा तिला आपल्या तोंडाचा भरवसा वाटत नव्हता.

आकाशातली वस्तू ताऱ्यांबरोबर सरकते. उलट सरकते ती आकाशात नसतेच, ती दुर्बिणीत असते. पूर्वेला शुक्र टपोरा उगवला होता. त्याचा उजेड आतल्या दोन काचांच्या मधे आपटून परत येत होता आणि धूमकेतूचं सोंग घेऊन बसला होता. हौशी मंडळी अशा ठिपक्याला भूत म्हणत. ते ओळखायची रीत साधी होती: संशय आला की नळीला बोट लावा. तारे बघणाऱ्यांच्या मंडळात नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला भावजी पहिल्याच दिवशी हे शिकवत, आणि तेही अशा थाटात की ही युक्ती जणू त्यांच्याच डोक्यातून निघाली आहे. पण त्यांची नवी दुर्बीण मोटरवर चालायची. तारे सरकले की ती आपली आपण त्यांच्यामागे जायची, त्यामुळे वर्षभरात नळीला बोट लावायची वेळच त्यांच्यावर आली नव्हती. वहिनी अजून नवऱ्याच्या लाकडी खोक्याच्या दुर्बिणीतून बघायची. ती हाताने ढकलल्याशिवाय हलत नसे. तिचं बोट गेलं होतं ते निव्वळ सवयीने.

"काल त्या दोन ताऱ्यांच्या वर होता," भावजी म्हणाले. आवाज ते दाबून धरत होते, पण तो दबत नव्हता. "आज खाली आहे. म्हणजे चालतोय, वहिनी! नकाशात तिथे काहीही नाही. तीनदा तपासलं मी."

काल नळी शुक्रापासून जरा वेगळ्या अंतरावर रोखलेली असणार, एवढाच त्या चालण्याचा अर्थ होता. वहिनीने डोळा काढला आणि पदराने आयपीसची कड पुसली.

"दिसला," ती म्हणाली.

"नक्की?"

"नक्की. कापसासारखा."

भावजींनी कठड्याला हात टेकला. अडुसष्ट वर्षांचा माणूस, पण परीक्षेचा निकाल ऐकल्यासारखे ते हसले. "चला, खाली चला. दुसरी सही तुमची."

मंडळातले लोक, वयाने मोठे असलेलेसुद्धा, तिला घड्याळवाली वहिनी म्हणत. नवऱ्यामागे तिने घड्याळदुरुस्तीचं दुकान चालू ठेवलं होतं. दिवसभर डोळ्याला भिंग लावून ती मुंगीच्या डोक्याएवढे स्क्रू बसवायची, आणि मंडळात सगळ्यांत तीक्ष्ण डोळा तिचा आहे हे भावजीही मान्य करत. ते मंडळाचे अध्यक्ष होते. कुणालाही आकाशात काही नवं दिसलं तर दोन निरीक्षकांच्या सह्या झाल्याशिवाय ते बाहेर कळवायचं नाही, हा नियम त्यांचाच. माणसाचा डोळा फसतो, असं ते म्हणायचे.

अकरा वर्षं वहिनी त्या मंडळात शेवटच्या रांगेत बसत आली होती. कशासाठी, ते तिने कुणाला सांगितलं नव्हतं. लोकांना वाटायचं, नवऱ्याची आवड जपते बिचारी. ती डूख धरून बसली होती. या माणसाचा डोळा कधीतरी फसेल आणि तो सगळ्यांच्या देखत तोंडावर पडेल, त्या दिवशी आपण जवळ असू, यासाठी ती दर रविवारी दुकान बंद करून यायची. आज ती नुसती जवळ नव्हती, तर सही तिचीच हवी होती.

जिना उतरताना भावजींनी तिला आधाराला हात पुढे केला. तिने तो घेतला. आतून तिला हसू येत होतं, आणि त्या हसण्याची तिला जराही लाज वाटत नव्हती.

भावजींच्या अभ्यासाच्या खोलीत भिंतीवर ती चौकट होती. जगभरच्या धूमकेतूंची नोंद ठेवणाऱ्या केंद्राचं सव्वीस वर्षांपूर्वीचं पत्र, काचेआड जपलेलं. धूमकेतूला नाव शोधणाऱ्याच्या आडनावाचं देतात. त्या पत्रात घराण्याचं आडनाव होतं, त्याखाली भावजींचं नाव, तारीख, आणि पहिल्यांदा दिसल्याची वेळ: पाच वाजून बारा मिनिटं. या घरी येणं झालं की वहिनीची नजर आधी त्या बारावर जायची आणि तिचे दात आपोआप एकमेकांवर बसायचे.

तो धूमकेतू शोधला होता तिच्या नवऱ्याने. एकोणीस महिने रोज पहाटे उठून, स्वतः घासलेल्या आरशाच्या दुर्बिणीतून, आकाशाची एक एक पट्टी विंचरून काढल्यासारखी बघून. ज्या दिवशी सापडला त्या दिवशी त्याला ताप होता. त्याने नोंद एका कागदावर उतरवली आणि धाकट्या भावाकडे दिली, कारण धाकटा भाऊ तार ऑफिसात कारकून होता. "जाताजाता एवढी तार कर," इतकंच तो म्हणाला होता. तार गेली. नाव मात्र भावाने स्वतःचं घातलं.

पत्र आलं तेव्हा भावजी पेढ्याचा पुडा घेऊन घरी आले होते. "तुझी प्रकृती बरी नव्हती, दादा. ते लोक उलटतपासणी घेतात, तुला झेपलं नसतं," ते म्हणाले, "आणि आडनाव तर आपलंच आहे ना!" दादाने समोरच्या घड्याळाचं मागचं झाकण लावलं, पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. त्यानंतर दहा वर्षं जगला, पण गच्चीवर पुन्हा गेला नाही. तो वारल्यावर दुकान आवरताना वहिनीला त्याच्या सात वह्या सापडल्या. त्या वाचत वाचत ती आकाश शिकली. सातवी वही तेव्हापासून कायम तिच्या पिशवीत असायची, घड्याळं पुसायच्या पिवळ्या फडक्यात बांधलेली.

"ताई, तुम्ही तरी सांगा यांना," स्वयंपाकघरातून धाकटी जाऊ म्हणाली. डोळ्यांवर झोप होती तिच्या. "मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन तीन महिने झाले नाहीत, आणि हे पहाटे तीनला गच्चीवर. रात्री यांना झोप नाही आणि दिवसा जाग नाही."

"असू दे. शोध लावतायत ते," वहिनी म्हणाली.

"लावू देत बाई. चहा टाकते."

भावजी संगणकासमोर बसले. पाठमोरे, खांदे पुढे, एका बोटाने टाइप करत. वहिनी मागच्या खुर्चीत बसली. हे पत्र सकाळी केंद्राकडे जाईल. दुपारपर्यंत दहा देशांतले लोक आपापल्या दुर्बिणी तिकडे वळवतील आणि कुणालाच काही दिसणार नाही. मग कुणीतरी शुक्राची जागा मोजून बघेल. उद्या संध्याकाळी जगभरच्या हौशी मंडळींमधे हसं होईल, की डोळ्याने धूमकेतू शोधणारे हे थोर गृहस्थ शुक्राच्या भुताला भुलले. भिंतीवरच्या धूमकेतूचा मालक म्हणूनच त्यांची ओळख करून देतील, आणि मग जुन्या शोधाबद्दलही कुजबुज सुरू होईल. आपल्या सहीचं काय, हा विचार तिच्या मनात आला, पण फार थांबला नाही. घड्याळवाल्या बाईचं कोण काय लक्षात ठेवतो! पण तेवढासुद्धा डाग कशाला, म्हणून ती म्हणाली:

"भावजी, नाव एकाचंच घाला. तुमचंच."

भावजींचं बोट थांबलं.

"दोन कशाला? आपल्या घरात एकाचंच घालायची पद्धत आहे."

इतक्या वर्षांत ती हे पहिल्यांदा बोलली होती. भावजी वळले नाहीत. त्यांनी नुसता पडदा तिच्याकडे फिरवला.

"वाचा," ते म्हणाले.

पहिला निरीक्षक म्हणून तिचं नाव होतं. पूर्ण. तिचं, मग नवऱ्याचं, मग आडनाव. भावजींचं नाव त्याच्या खाली, दुसरा निरीक्षक म्हणून.

"वारलेल्या माणसाचं नाव लावता येत नाही. मी चौकशी केली," भावजी म्हणाले. "म्हणून तुमचं लावलं. मधे दादाचं येतंच. तुम्हाला परवा दिसला, तुम्ही मला बोलावलंत, मी दुजोरा दिला. असं लिहिलंय."

"पण दिसला तुम्हाला."

"ते माझ्या वहीत आहे. ते पान मी फाडतो." त्यांनी चष्मा काढला. नव्या डोळ्यांतून पाणी येत होतं, ते त्यांनी मनगटाने टिपलं. "मला झोप लागत नाही, वहिनी. ही म्हणते ते खरं आहे, पण गच्चीमुळे नाही. एकदा तरी त्याचं नाव लागू दे. मग मी मोकळा."

वहिनी पडद्याकडे बघत राहिली. नवऱ्याचं नाव तिच्या आणि आडनावाच्या मधे नीट बसलं होतं, खऱ्या शोधाला शोभेल असं. आणि खाली त्या भुताचे आकडे. दुपारी जगभरचे लोक हसतील ते याच नावाला. अकरा वर्षं राखून ठेवलेला वार तिने केला होता, आणि तो जाऊन लागणार होता नवऱ्यालाच, ज्याच्या वतीने तो राखला होता.

आणि त्याच वेळी तिला संतापही आला, पायापासून डोक्यापर्यंत. हा माणूस मोकळा व्हायला निघाला होता. भिंतीवरचा धूमकेतू भिंतीवर ठेवून हातातला देत होता.

"उठा," ती म्हणाली. "गच्चीवर चला."

"आत्ता? चहा..."

"उजाडायच्या आत चला."

वर पूर्व फिकी व्हायला लागली होती. बारीक तारे गेले होते, मोठे दोन-चार उरले होते. ठिपका अजून होता. भावजींनी डोळा लावला आणि समाधानाने मान हलवली.

"आता नळीला बोट लावा," वहिनी म्हणाली.

"काय?"

"बोट लावा, भावजी. नव्या पोरांना शिकवता ना, तसं."

त्यांनी बोट लावलं. ते बराच वेळ तसेच वाकून उभे राहिले. मग त्यांनी दुसऱ्या बाजूने ढकलून पाहिलं, मग वरून, मग खालून. प्रत्येक वेळी त्यांचे खांदे थोडे थोडे खाली येत गेले. शेवटी ते कोपऱ्यातल्या उलट्या बादलीवर बसले.

"कधी कळलं तुम्हाला?"

"पहिल्यांदा बोट लावलं तेव्हाच."

"पण तुम्ही तर दिसला म्हणालात."

"म्हणाले."

"म्हणजे मला पाठवू देणार होता?"

"हो."

"सगळ्या जगात माझी..."

"हो, भावजी. सगळ्या जगात."

खाली रस्त्यावरून दुधाची गाडी गेली. भावजींनी मान वर केली.

"मग थांबवलंत कशाला?"

"कारण त्यात ह्यांचं नाव होतं. तुमचं एकट्याचं असतं तर मी आत्ता घरी जाऊन शांत झोपले असते."

तिने पिशवीतून पिवळं फडकं काढलं, गाठ सोडली, आणि सातवी वही काढून ठरलेलं पान उघडलं. भावजींनी ती तांबडा कागद लावलेल्या बॅटरीजवळ धरली. घड्याळजीचं अक्षर, बारीक आणि ताठ. तारीख, ताऱ्यांचं छोटं चित्र, त्यात एक पेन्सिलीने घासलेला ठिपका. नळीला बोट लावून पाहिलं, ताऱ्यांबरोबर सरकतो. वेळ पाच सोळा. आणि समासात आणखी एक ओळ: हिला उठवून दाखवला, म्हणाली कापसासारखा.

भावजींनी ती ओळ दोनदा वाचली. मघाशी ऐकलेला शब्द त्यांना आठवला असावा, कारण त्यांनी एकदम तिच्याकडे पाहिलं.

"तुम्हीही पाहिला होता?"

"मला कोणी विचारलं?"

त्यांनी वही मिटून तिच्यासमोर धरली.

"मघाशी खोट्या धूमकेतूला त्यांचं नाव लावायला निघाला होतात," वहिनी म्हणाली. "तेच आता खऱ्याला लावा."

"वहिनी, सव्वीस वर्षं झाली. तो परत येणार नाही. आता लिहून कोणाला काय मिळणार आहे? आणि शेवटी आडनाव तर..."

एवढं बोलून ते थांबले. वहिनीने त्यांना मदत केली नाही. ती नुसती उभी राहिली, आणि पुढचा शब्द उच्चारायची हिंमत होते का ते बघत राहिली. भावजींनी तो उच्चारला नाही. ते गुडघ्यावर हात टेकून उठले.

पत्र त्यांनी हाताने लिहिलं. खोलीतला दिवा लावून, जुन्या तार ऑफिसातल्या वळणदार अक्षरात. धूमकेतू आपल्या मोठ्या भावाला दिसला होता. आपल्याला फक्त तार करायला सांगितलं होतं. तारेत नाव आपण बदललं. तिसऱ्या ओळीशी त्यांचा हात अडखळला, तेव्हा वहिनी घड्याळातला अडलेला काटा सुटायची वाट बघावी तशी शांत बसून राहिली. वेळ त्यांनी भिंतीकडे बघून लिहिली.

"पाच बारा नाही," ती म्हणाली. "पाच सोळा."

भावजींनी वहीत पाहिलं, मग चौकटीत पाहिलं.

"त्याचा सहा मला दोन वाटला होता," ते हळू म्हणाले.

"माहीत आहे. चार मिनिटांची चूक ह्यांनी आयुष्यात कधी केली नाही. ती वेळ बघितली तेव्हाच म्हटलं, ज्याने हे लिहिलं तो त्या पहाटे जागासुद्धा नव्हता."

त्यांनी आकडा खोडून नीट लिहिला आणि सही केली. वहिनीने कागद पुढे ओढला, डोळ्याला दुकानातलं भिंग लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत तपासला, आणि खालच्या मोकळ्या जागेत 'दुसरा निरीक्षक' असं लिहून आपली सही केली. पूर्ण नावाची. तारीख सव्वीस वर्षांपूर्वीच्या त्या पहाटेची घालावी असं तिच्या फार मनात आलं, पण तिने आजचीच घातली.

"हे केंद्राकडे जाईल," ती म्हणाली, "पण त्याआधी रविवारी मंडळात. वाचायचं तुम्ही, उभं राहून. मी पुढच्या रांगेत बसेन."

"सगळ्यांसमोर?"

"ते पत्र तरी तुम्ही भिंतीवर गुपचूप लावलं होतंत का?"

भावजींनी चौकटीकडे पाहिलं आणि मान खाली घातली. तिला वाटलं होतं, हा क्षण आला की आपल्याला थोडी दया येईल. तिने आत चाचपून पाहिलं, पण ती आली नव्हती.

जाऊ चहा घेऊन आली. दोघांच्या तोंडांकडे तिने आळीपाळीने बघितलं.

"सापडला का एकदाचा?"

"सापडला," वहिनी म्हणाली. "जुनाच होता."

तिने चहा घेतला, कप विसळून पालथा घातला, पत्र घडी न करता वहीत ठेवलं आणि वही पुन्हा पिवळ्या फडक्यात बांधली. दारात चपला घालत असताना भावजी मागून आले. एका रात्रीत त्यांचं वय वाढलं होतं.

"वहिनी, एक विचारू? ते भूत येतं कुठून? आरसा ठीक आहे, मी परवाच तपासलाय."

आयपीसवर त्यांनी नवी रंगीत काच बसवली होती, आणि ती उलटी बसवली होती. वहिनीला ते पहिल्याच मिनिटाला दिसलं होतं.

"शोधा की, भावजी," ती म्हणाली. "एकदा तरी काहीतरी स्वतः शोधून बघा."

आणि ती दुकान उघडायला निघाली.